कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात आलेल्यांचं फिशिंग-हंटिंग लायसन्स: रेसिडेंट कोणाला धरतात?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तू पुण्याहून मिशिगनमधल्या ॲन आर्बरला एमएस करायला आलायस, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर, ऑगस्टपासून इथे आहेस. रूममेट इंडियानाचा, अमेरिकन मुलगा, तोही इथेच शिकतो. दोघांना हुरॉन नदीवर मासे पकडायचेत, नोव्हेंबरात त्याच्या काकांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचा बेत आहे, आणि दुकानातल्या माणसाने सांगितलं की तुम्ही दोघं आउट-ऑफ-स्टेट फी भरता म्हणजे नॉनरेसिडेंटच, महागाचं लायसन्स घ्या. हे खरं का?

नाही, मिशिगनपुरतं तरी अजिबात नाही. मिशिगनमधे फुल-टाइम कॉलेज स्टुडंट असशील आणि शाळेच्या वर्षात इथे राहत असशील तर डीएनआर, म्हणजे ही लायसन्सं देणारं राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं, तुला लायसन्ससाठी रेसिडेंट धरतं. घर पुण्यात आहे का इंडियानात याने फरक पडत नाही. मी इथे बरीच वर्षं राहतोय, हंटर सेफ्टीच्या क्लासमधे व्हॉलंटियर म्हणून शिकवतो, आणि दर फॉल सेमिस्टरला हाच गोंधळ घेऊन मुलं येतात म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

गोंधळ होतो तो असा. युनिव्हर्सिटीचं फी ऑफिस तुला आउट-ऑफ-स्टेट म्हणतं, आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, तुला टॅक्ससाठी पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे नॉनरेसिडेंट एलियन धरतं, आणि डीएनआर तुला रेसिडेंट म्हणतं, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात कारण तीन वेगवेगळे कायदे आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. टॅक्सच्या फॉर्मवर नॉनरेसिडेंट लिहिलं म्हणून लायसन्सच्या फॉर्मवर तेच लिहायचं असं मुलं समजतात आणि उगाच जास्तीचे पैसे भरतात. २०१४ मधे फी बदलली तेव्हापासून वर्षाचं फिशिंग लायसन्स रेसिडेंटला २६ डॉलर आणि बाहेरच्याला ७६ असा हिशोब राहिलाय. हंटिंगचं बेस लायसन्स ११ विरुद्ध १५१, त्यावर एका हरणाचं लायसन्स २० चं वेगळं. चालू आकडे घेण्याआधी डीएनआरच्या साइटवर बघून घे, पण फरक केवढा आहे ते यावरून कळेल.

काउंटरवर काय करायचं ते सांगतो. क्लार्कला बहुतेक वेळा स्टुडंटचा नियम माहीतच नसतो, तो बिचारा दिवसभर टेंट आणि गमबूट विकतो, त्याच्याशी वाद घालू नकोस. स्टुडंट आयडी, रजिस्ट्रारकडचं चालू सेमिस्टरचं एनरोलमेंट सर्टिफिकेट आणि लीजची कॉपी एवढं बरोबर ठेव. एनरोलमेंटवर फुल-टाइम हा शब्द दिसला पाहिजे, नुसत्या आयडी कार्डावर तो नसतो. मिशिगनचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी असेल तर त्यावर काम होतं, नसेल तर डीएनआर स्पोर्टकार्ड नावाचं कार्ड काढून देतात. फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर मागितला तर दचकू नकोस, मुलांच्या पोटगीची थकबाकी वसूल करायला सोपं जावं म्हणून फेडरल कायद्याने राज्यांना लायसन्सच्या अर्जावर तो घ्यायला लावलंय. ऑन-कॅम्पस जॉब नसलेल्या बऱ्याच एफ-१ मुलांकडे तो नंबर नसतोच, तेव्हा नाही म्हणून स्पष्ट सांगायचं. कोणाचा तरी नंबर किंवा मनाने काहीतरी टाकायचं नाही.

आता हे मिशिगनचं झालं. तुझे मित्र दुसऱ्या राज्यात असतील तर त्यांना हेच जसंच्या तसं सांगू नकोस, कारण इथेच लोक फसतात. न्यूयॉर्कमधे जवळजवळ आपल्यासारखंच आहे, फुल-टाइम कॉलेज स्टुडंट शाळेच्या वर्षात तिथे राहत असेल तर पुरावा दाखवून रेसिडेंट लायसन्स मिळतं, आणि तिथलं फिशिंग लायसन्स घेतल्या तारखेपासून वर्षभर चालतं. मिनेसोटात बाहेरच्या फुल-टाइम स्टुडंटला रेसिडेंट भावात मासे आणि स्मॉल गेम मिळतं, म्हणजे ससा, खार, तित्तर वगैरे, पण हरीण त्या सवलतीत नाही, त्याला नॉनरेसिडेंटचेच पैसे. विस्कॉन्सिनच्या कायद्यात अंडरग्रॅज्युएट असा शब्द आहे, बॅचलर्स देणाऱ्या संस्थेतला फुल-टाइम अंडरग्रॅज्युएट, आणि आपली बहुतेक मुलं एमएसला असतात तेव्हा तिथल्या मॅडिसनच्या मित्राने ती ओळ नीट वाचावी. कोलोराडोत स्टुडंट चालतो पण अर्जाच्या आधी सहा महिने तिथे फुल-टाइम शिकत असला पाहिजे, म्हणजे ऑगस्टला आलेल्याला पहिल्या फॉलमधे उपयोग नाही. टेक्सासचा साधा नियम सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहण्याचा, कॅलिफोर्नियाचा सहा महिन्यांचा, वायोमिंग तर पूर्ण वर्ष मागतं.

पण पैसे न देता मासे पकडायचे कायदेशीर मार्गही आहेत आणि ते मुलांना कोणी सांगत नाही. टेक्सासच्या स्टेट पार्कमधे काठावरून गळ टाकायला फिशिंग लायसन्सच लागत नाही. कॅलिफोर्नियात समुद्रातल्या पब्लिक पिअरवरून, म्हणजे धक्क्यावरून, लागत नाही. मिशिगनमधे वर्षातून दोन वीकेंड फ्री फिशिंगचे असतात, एक फेब्रुवारीत बर्फावर आणि एक जूनमधे. आकार-संख्येचे नियम मात्र तेव्हाही लागूच असतात.

प्रत्येक राज्याचं वेगळं का, आणि बाहेरच्याकडून एवढे जास्त पैसे घेणं घटनेत बसतं का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय. मॉन्टानात १९७६ मधे तिथल्या माणसाला एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीचं लायसन्स ९ डॉलरला मिळायचं आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचं कॉम्बिनेशन लायसन्स घ्यावंच लागायचं. बाल्डविन नावाच्या खटल्यात १९७८ मधे कोर्टाने सांगितलं की मनोरंजनासाठी मोठ्या जनावराची शिकार हा काही मूलभूत हक्क नाही, राज्य असा भेद करू शकतं. मला हे पटतं. इथलं वन्यजीवन कोणा जमीनदाराचं नाही, राज्यातल्या लोकांच्या वतीने राज्य ते सांभाळतं. लायसन्सचे पैसे वाइल्डलाइफ खात्याबाहेर वळवता येत नाहीत. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा आणि १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ-रॉडवरचा फेडरल टॅक्स राज्यांना वाटला जातो, तो वाटताना राज्यात लायसन्स घेतलेले किती लोक आहेत तेही मोजतात. म्हणजे तू २६ डॉलर भरतोस तेव्हा तू त्या मोजणीत येतोस. विद्यार्थ्याला रेसिडेंट धरणाऱ्या राज्यांनी हा विचार चांगला केलाय असं माझं मत आहे, चार वर्षं नदीकाठी राहणारा मुलगा त्या नदीला परका नाही.

रूममेटचं प्रकरण तुझ्यापेक्षा थोडं नाजूक आहे. मिशिगनच्या बाजूने तो ठीक आहे, तोही फुल-टाइम स्टुडंट. पण इंडियानाचं साधं रेसिडेंट लायसन्स घ्यायचं तर तिथे ६० दिवस सलग कायमचं घर हवं आणि दुसऱ्या कुठल्याही राज्यात वा देशात शिकार-मासेमारीसाठी रेसिडेंट असल्याचा दावा केलेला नको. आता तो नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी जाऊन वडिलांबरोबर तिथलंही रेसिडेंट लायसन्स घेणार असेल तर त्याने आधी इंडियानाच्या डीएनआरला फोन करून विचारावं आणि उत्तर ईमेलवर मागून घ्यावं. मी त्याच्या जागी असतो तर त्या वर्षी एकाच राज्यात रेसिडेंट आणि दुसऱ्यात मुकाट्याने नॉनरेसिडेंट घेतलं असतं. कारण खोटं रेसिडेंट लायसन्स हा किरकोळ दंडाचा विषय नाही, तो गुन्हा म्हणून नोंदला जातो, आणि आता जवळपास सगळी राज्यं वाइल्डलाइफ व्हायोलेटर कॉम्पॅक्ट या आपसातल्या करारात आहेत, एका राज्याने लायसन्स रद्द केलं की बाकीच्या राज्यांतही बंदी येऊ शकते. तुला तर त्याहून जास्त जपायला हवं, व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर अटक किंवा शिक्षा झाली होती का हा प्रश्न असतोच, आणि पन्नास डॉलर वाचवण्यापायी तिथे हो लिहायची वेळ येऊ नये.

नदीवरचं बघू. आपल्याकडे खाडीवर पुलाच्या कठड्याला टेकून कोणी गरी टाकून बसलं तर त्याला कोणी कागद विचारत नाही, म्हणून आपल्या मुलांना वाटतं की मासा सोडूनच द्यायचाय, मग लायसन्स कशाला. इथे पकडून सोडलं तरी लायसन्स लागतं. मिशिगनमधे १७ वर्षं किंवा त्यावरच्या प्रत्येकाला, माणशी एक. चौघं जाऊन एका लायसन्सवर आळीपाळीने रॉड धरला तर चौथ्याच्या हातात असताना डीएनआरचा ऑफिसर आला की तिकीट चौथ्याला. दोन मिनिटं धर रे, मी फोटो काढतो, यातसुद्धा अडकलेली मुलं मी बघितलीयत.

ऑफिसर काय बघतो? झाडामागून बराच वेळ आधीच बघत असतो, कोणी किती रॉड लावलेत, कोणी मासा बादलीत टाकला. मग येतो, हाय-हॅलो करतो, लायसन्स मागतो, आणि लगेच बादलीकडे वळतो. मासा सपाट पट्टीवर आडवा ठेवतो, तोंड मिटवतो, शेपटी चिमटीत धरून टोकापर्यंत मोजतो. हुरॉनमधे तुला मुख्यतः स्मॉलमाउथ बास मिळेल, तो १४ इंचांच्या खाली ठेवायचा नाही, दिवसाला लार्जमाउथ ही बासची दुसरी जात धरून पाचच, आणि ठेवायचा सीझन मेअखेरच्या मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी सुरू होऊन डिसेंबरअखेर संपतो. त्याआधी पकडून लगेच सोडलेला चालतो. साडेतेरा इंचाचा मासा शेपटी ओढून चौदा होत नाही, तेव्हा काठावरचा वाटला की सोडून द्यायचा. बोलताना शांत राहा, हात दिसतील असे ठेव, फोनवर लायसन्स असेल तर नदीकाठी रेंज नसते म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेव. बहुतेक ऑफिसर खरंच मदत करणारे असतात, मासे कुठे लागतायत तेही सांगतात.

आणि ते मासे घरी आणून तळायच्या आधी एक गोष्ट नक्की बघ. पीएफएएस नावाच्या केमिकल्समुळे २०१८ मधे मिशिगनच्या आरोग्य खात्याने हुरॉनच्या मोठ्या भागातले मासे अजिबात खाऊ नका असा इशारा दिला. हे केमिकल शिजवून जात नाही. लायसन्स असलं, मासा मापात असला, म्हणजे तो खाण्यालायक आहे असं नाही, त्यासाठी ईट सेफ फिश नावाची वेगळी यादी आरोग्य खातं काढतं, प्रत्येक नदी आणि तळ्याप्रमाणे. ती बघूनच जागा निवड.

आता शिकार, आणि इथे मी तुझ्याशी जरा कडक बोलणार आहे. आपण ज्या देशातून आलो तिथे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे लायसन्स घेऊन शिकार करणं म्हणजे काय याचा आपल्या मुलांना काहीच अंदाज नसतो, आणि दुसरीकडे बंदूक इथे सहज कोणाच्याही घरात दिसते म्हणून ती हातात घ्यायलाही काही वाटत नाही. तर ऐक. एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. विकत घेणंच नाही, नुसतं जवळ असणंसुद्धा. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला तुझ्या कामाचा म्हणजे तुझ्याकडे कुठल्यातरी राज्याने कायदेशीर दिलेलं, मुदतीतलं हंटिंग लायसन्स असणं. फिशिंग लायसन्स नाही, हंटिंगचं. म्हणजे रूममेटला ते लायसन्स फक्त हरणासाठी लागतं, तुला बंदूक हातात धरण्यासाठी लागतं. ते संपलं की त्या दिवसापासून तू परत बंदीत. २०२२ पासून या कलमाखाली शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेरही काढतात.

भाड्याच्या बंदुकीने रेंजवर दहा गोळ्या मारणं हेसुद्धा जवळ बाळगणंच. रेहाइफ नावाचा खटला वाच. यूएईचा मुलगा, फ्लोरिडात स्टुडंट व्हिसावर आला, मार्क कमी पडून युनिव्हर्सिटीने काढलं, तरी देशात राहिला, आणि शूटिंग रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवल्या. केस झाली, शिक्षा झाली, आणि २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आपलं इथे कायदेशीर राहण्याचं स्टेटस गेलंय हे त्याला माहीत होतं हेही सरकारला सिद्ध करावं लागेल. पण तिथपर्यंत पोचेस्तोवर त्या मुलाचं काय झालं असेल याचा विचार कर. आणि लक्षात ठेव, ज्याचं स्टेटस गेलंय त्याला हंटिंग लायसन्सचा अपवादही मिळत नाही. म्हणून आय-२० या युनिव्हर्सिटीने दिलेल्या व्हिसाच्या कागदावरची तारीख, क्रेडिट लोड, सगळं नीट असताना, लायसन्स खिशात असतानाच बंदुकीला हात. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचार, रूममेटच्या काकांना नको, ते कितीही चांगले असले तरी त्यांना हा कायदा कधी लागलेलाच नसतो.

रूममेटने स्वतःची बंदूक अपार्टमेंटमधे आणली तर ती त्याच्या कुलपात आणि चावी त्याच्याकडेच, कॉमन कपाटात नाही. युनिव्हर्सिटीच्या जागेत तर आणायचीच नाही, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमधे शस्त्रांना बंदी आहे. काकांच्या घरी ठेवली तर सगळ्यात उत्तम.

क्लासबद्दल. मिशिगनमधे १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते एकदा घेतलं की दुसऱ्या राज्यांतही चालतं, त्यामुळे रूममेटने घरी केलं असेल तर परत करायची गरज नाही. आम्ही क्लासमधे निकामी केलेल्या, भडक नारंगी रंगाच्या ट्रेनिंगच्या बंदुका वापरतो, आणि तू व्हिसावर आहेस हे इन्स्ट्रक्टरला पहिल्याच दिवशी सांग म्हणजे तो बाकी गोष्टींची काळजी घेईल. क्लासला वेळ नसेल तर अप्रेंटिस लायसन्स मिळतं, सर्टिफिकेटशिवाय दोन सीझन, पण २१ वर्षं किंवा त्यावरचा लायसन्सवाला माणूस सतत बरोबर हवा. काका चालतील. तरी माझं ऐकशील तर क्लास कर. नळीचं तोंड कुठे आहे याचं भान हाताला लागायला एक अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस जंगलात जाऊ नये.

मला विचारशील तर पहिल्या वर्षी धनुष्याने सुरुवात कर. फेडरल कायद्यात धनुष्य म्हणजे फायरआर्म नाही, त्यामुळे वरची सगळी भीती त्याला लागू नाही, सीझनही १ ऑक्टोबरला सुरू होतो. लायसन्स तितकंच लागतं. काही राज्यांत धनुष्यासाठी वेगळा कोर्सही करावा लागतो, न्यूयॉर्क त्यातलं एक. बदकांचा विचार असेल तर राज्याच्या लायसन्सवर २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प, तो रेसिडेंट-नॉनरेसिडेंट सगळ्यांना सारखाच.

बंदुकीचा हरणाचा सीझन १५ ते ३० नोव्हेंबर. नारंगी जॅकेट-टोपी घालायचीच. हरीण मिळालं तर ७२ तासांत ऑनलाइन नोंदवायचं, २०२२ पासून हे सक्तीचं आहे आणि मुलं मांस कापण्याच्या गडबडीत हेच विसरतात. रूममेट मांस घरी इंडियानाला नेणार असेल तर हाडाशिवायचं नेऊ दे, सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगामुळे डोकं आणि मणका राज्याबाहेर न्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे.

राहिलं पुढचं. उन्हाळ्यात सिएटलला इंटर्नशिप लागली तर तिथे तू नॉनरेसिडेंट, मिशिगनचं लायसन्स तिथे कामाचं नाही, एक-दोन-तीन दिवसांचं तात्पुरतं मिळतं ते घे. आणि डिग्री झाली, ओपीटीवर, म्हणजे डिग्रीनंतरच्या कामाच्या परवानगीवर गेलास, की तू फुल-टाइम स्टुडंट राहत नाहीस. तेव्हा स्टुडंट म्हणून मिळालेलं रेसिडेंट लायसन्स परत त्याच आधारावर घ्यायचं नाही, मिशिगनमधे घर करून राहतोय या साध्या नियमात बसतोस का ते बघायचं, राज्य बदललंस तर तिथले दिवस पहिल्यापासून मोजायचे. मिशिगनचं फिशिंग लायसन्स ३१ मार्चला संपतं, त्यामुळे फेब्रुवारीत घाई करून वर्षाचं घेऊ नकोस, बर्फावर एकदोनदाच जायचं असेल तर २४ तासांचं घे आणि वर्षाचं एप्रिलला.